कापसाच्या खोलीतले दोन राउटर

मी मुलखाची भित्री. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की एका दुपारनं मला असं केलं. तसं काही नाही. विजेचं बटन मी पायात चप्पल असल्याशिवाय आजही दाबत नाही, आणि माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम सगळं विजेचंच आहे. लोक हसतात. हसोत बापडे.

ही गोष्ट कापसाच्या वाईट वर्षांतली. तेव्हा यवतमाळ जिल्ह्याची म्हटलं की बाहेरगावचा माणूस आधी आवाज खाली आणायचा आणि मग घरी सगळे बरे आहेत ना असं विचारायचा, जशी काही आमच्याकडं साथ आली होती. माझा संताप व्हायचा. आमच्या घरी सगळे बरे होते. कापूसही भरपूर पिकला होता. फक्त भाव नव्हता, म्हणून बाबांनी तो विकला नव्हता. थांबू, मार्चात चढेल, असं त्यांचं म्हणणं. मुकुटबनच्या अलीकडं आमचं गाव. तीन खोल्यांचं घर, त्यातली मधली खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसानं गच्च भरलेली. भिंतीच्या कडेनं माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट सोडलेली, आणि त्या वाटेच्या टोकाला घरातला एकुलता एक रिकामा प्लग.

ज्यांच्या घरात कधी कापूस भरला नाही त्यांना हे कळायचं नाही, पण त्या तीन-चार महिन्यांत घराचा कायदाच बदलतो. त्या खोलीत उदबत्ती नाही, काडी नाही, दिवा नाही. लाइट गेली तर आई अंधारात चाचपडायची, पण कंदील उंबरठ्याच्या आत आणायची नाही. विडी ओढणारा पाव्हणा आला तर बाबा त्याला गोड बोलत बोलत पार रस्त्यापलीकडं नेऊन सोडायचे. एक ठिणगी पडली की घर गेलं, वर्ष गेलं आणि आत असलेलं माणूसही गेलं. कापूस आतून धुमसतो आणि वरून पांढराच दिसतो. हे मला बोलता यायच्या आधी शिकवलेलं होतं. म्हणून मी जे केलं त्याला नासमजपणा म्हणता येत नाही.

मी तेव्हा पांढरकवड्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. पोरांना टायपिंग शिकवायचं, फोल्डर करायला लावायचं, कीबोर्डवर चिवडा सांडू नका म्हणून ओरडायचं. मला मात्र नेटवर्किंगची परीक्षा द्यायची होती. ती पास झालं की नागपूर-हैदराबादकडं नोकरी लागते, असं क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. बाबांनी मला लग्नाआधी एक वर्ष दिलं होतं आणि त्यातले सात महिने संपले होते. पुस्तक पाठ झालं होतं. पण परीक्षेत विचारतात ते हातानं करायचं असतं: राउटरला आज्ञा द्यायच्या, दोन राउटर एकमेकांशी बोलते करायचे, मुद्दाम बिघडवायचे आणि पुन्हा सुधारायचे. मी राउटर फक्त चित्रात पाहिला होता. पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारायची, अशातली गत.

सर म्हणाले, नागपूरला भंगारवाल्यांकडं जुने मिळतात, मोठ्या ऑफिसांतून निघालेले. दोन घे, घरी मांड, रोज हात चालव. क्लासमध्येच ठेवू का विचारलं तर त्यांनी हात जोडले. पोरांना भोक दिसलं की त्यात बोट घालायचं असतं. पण त्यांनी त्यांचा जुना लॅपटॉप मला घरी न्यायला दिला, तेवढा माणूस चांगला.

बाबांना मी राउटर समजावून सांगितला. एका जाळ्यातली माहिती दुसऱ्या जाळ्यात जायची असली तर तिला वाट दाखवणारा डबा. बाबा सुपारी कातरत म्हणाले, "म्हंजे स्टँडवरचा कंट्रोलर. कोनती गाडी कोन्या फलाटाले लावाची ते सांगते." मी पुढं कितीतरी जणांना राउटर शिकवला, याहून बरं मला कधी सांगता आलं नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

"तापते काय थो?"

"पाहावं लागेल," मी म्हटलं.

"पाह्य मंग. तापनारी वस्तू कापसाच्या खोलीत येनार नाही. बाकी तुले जे घ्याचं ते घे."

नागपूरला बाबा सोबत आले. भंगाराचं दुकान म्हणजे एक लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना वायरींचे, कीबोर्डचे, फुटक्या मॉनिटरचे माणूसभर उंच ढीग, आणि एका कोपऱ्यात विटांसारखे रचलेले राउटर. दुकानदार स्टुलावर बसून तर्री-पोहे खात होता. आत शिरल्याबरोबर मला घाम फुटला. हिला काही समजत नाही हे त्याला कळलं की तो माझ्या गळ्यात मेलेला डबा मारणार, आणि मग सात महिने आणि बाबांचा विश्वास दोन्ही पाण्यात. सरांनी काय काय पाहायचं ते एका कागदावर लिहून दिलं होतं. मागं कोणती भोकं हवीत, मेमरी किती हवी. तो कागद मी तळहातात लपवून कॉपी करणाऱ्या पोरीसारखी वाचत होते.

बाबा मात्र निवांत. त्यांनी एक राउटर उचलला, उलटा केला, कानाशी धरून हलवला, भोकात फुंकर मारली. धूळ त्यांच्याच डोळ्यात गेली. डोळे चोळत म्हणाले, "याचे दात पाहाले जमत नाही ना." बैलबाजारातला माणूस तो. पण हलवल्यावर ज्यातून खळखळ आवाज आला तो त्यांनी बाजूला काढला, आणि ते बरोबर होतं. आत स्क्रू सुटलेला असला की तो फिरतो आणि आतली सर्किटची पाटी जाळतो. माझ्या कागदावर हे नव्हतं.

तिथं दोन जातींचे डबे होते. एक मोठे, जाड, आत पंखा असलेले. चालू केले की घरघर करायचे आणि मागून वारा फेकायचे. दुसरे लहान, पातळ, बिनपंख्याचे. त्यांचा वीज घेणारा काळा ठोकळा बाहेर, वायरीच्या मधोमध. आता कोणीही शहाणा माणूस सांगेल, पंख्याचा घे, थंड राहतो. पण आम्ही कापसाची माणसं. पंखा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर सरकी काढायची जिनिंग येते. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू पंख्यात ओढले जातात, अडकतात, घासतात आणि पेटतात. गावात दर हंगामाला एखादी तरी आगीची बातमी यायची. "पंखा नको," बाबा म्हणाले, आणि मीही लगेच म्हटलं, नको. बिनपंख्याचे दोन निवडले. आ बैल मला मार म्हणतात ते हेच.

दुकानदारानं दोन्ही लावून दाखवले. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली आणि मी सगळं विसरले. एकावर जुन्या मालकाचं कुलूप होतं, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. ते कसं तोडायचं हे मला पुस्तकातून पाठ होतं. डबा बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि तो जागा होत असताना नेमकी कळ दाबायची. पहिल्यांदा घाई झाली, चुकलं. दुसऱ्यांदा, व माय, उघडलं की! मी वळून पाहिलं तर बाबा दुकानाच्या दारात उभे राहून एकटेच हसत होते. मला इंग्रजी डब्याचं कुलूप उघडता येतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तापते काय?"

"बिलकुल नहीं, काका," दुकानदार म्हणाला. "एकदम ठंडा माल. पंखा ही नहीं तो गरम किधर से होगा?"

त्याचं काही बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा हात तेव्हा त्या काळ्या ठोकळ्यावर होता. अर्धा तास चालू असलेला तो ठोकळा तापला होता. चटका बसेल इतका नाही, पण ताप भरलेल्या लेकराच्या कपाळाइतका तर होताच. खरं बोलले असते तर डबे तिथंच राहिले असते आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो असतो.

"नाही तापत, बाबा," मी म्हटलं.

घरी आलो आणि दोनच दिवसांनी ताई आली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, नेरकडं दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच, म्हणून आईबाबा जाऊन तिला घेऊन आले. बाहेरच्या खोलीवर पत्रे, तिथं दुपारी भट्टी व्हायची. ताई जेवली की सरळ मधल्या खोलीत जायची आणि कापसाच्या ढिगाला जिथं उतार होता तिथं कुशीवर झोपायची. आई ओरडायची, अंगाले खाज सुटन. "सुटू दे वं माय, पाठीले बरं वाटते," ताईचं उत्तर. मी त्याच खोलीत, तिच्या पायांपासून दोन हातांवर, एका फळीवर राउटर मांडून बसायचे.

पहिली भीती तापण्याची. दर पाच मिनिटांनी मी त्या ठोकळ्यांना हात लावायचे. गरम वाटले की बंद, गार झाले की चालू. लाइटचा भरवसा नव्हता. गेलेली लाइट परत आली की आधी इतक्या जोरात यायची की बल्ब पांढराफटक पेटायचा, मग हळूहळू पिवळा व्हायचा. तो पांढरा उजेड पाहिला की मी आधी ठोकळ्यांकडं झेपावायचे. ताई हसायची. "काय वं, त्याची नाडी पाहून राह्यली काय?" मी हसायचे नाही. तिला सांगावं असं रोज वाटायचं. सांगितलं असतं तर तिनं बाबांना सांगितलं असतं, आणि डबे गेले असते. मग मी स्वतःलाच समजवायचे की मी आहे ना इथं, हात लावून पाहते ना.

दुसरी भीती तंतूंची. त्या खोलीत कापसाचे तंतू सतत तरंगत. बघता बघता डब्यांच्या जाळीवर पांढरी लव चढायची. मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, आणि काम झालं की डबे, ठोकळे, वायरी सगळं त्याच्याखाली झाकायला लागले. आमच्याकडं टीव्हीवर कपडा, रेडिओवर कपडा, शिलाई मशीनवर कपडा. वस्तूची काळजी घ्यायची म्हणजे तिच्यावर कपडा घालायचा, दुसरी पद्धतच माहीत नव्हती. चालू असताना झाकायचं नाही एवढी अक्कल मला होती.

त्या आठवड्यात लोडशेडिंग सकाळी दहा ते दुपारी दोन होतं. त्या दिवशी दहाला लाइट गेली तेव्हा मी ऐन कामात होते. दोन्ही राउटर पहिल्यांदाच एकमेकांना ओळखायला लागले होते, आणि फटकन सगळं मेलं. मी चिडले. अकराची एसटी गाठायची होती. डबे झाकले, लुगडं चारी बाजूंनी चांगलं खोचलं आणि पळाले. भिंतीवरचं बटन बंद केलं नाही. आमच्या गावात लाइट गेल्यावर कोणीच बटन बंद करत नाही. उलट चालूच ठेवतात, म्हणजे बल्ब लागला की कळतं, आली. मग कोणी मोटर लावायला धावतं, कोणी दळण घेऊन निघतं. बटन बंद केलं तर लाइट आल्याचं कळणार कसं? लहानपणापासून माझा हात तसाच वळलेला.

एक वाजता क्लासमधली लाइट गेली. तिथला नियम बरोबर उलटा. लाइट गेली की आधी सगळी बटनं पाडायची, नाहीतर परत येताना झटका बसून मशीन जळतात. मी नेहमीसारखी ओळीनं पाडत गेले. चौथ्या बटनावर हात गेला आणि तिथंच राहिला. घरचं बटन! घरचं चालू आहे, वर लुगडं खोचलेलं आहे, दोनला लाइट येणार आहे, आणि दोनला ताई तिथं झोपलेली असते.

मी पोरांना काय सांगितलं आठवत नाही. समोरच्या एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानाला फोन लावला. तो विजेवर चालणारा डबा फोन, लाइट नसली की मुका. तीनदा लावला. तीनदा एक बाई मराठीत आणि इंग्रजीत तेच सांगत राहिली. मग मी स्टँडवर धावले. एसटी अडीचला होती. काळीपिवळी जीप उभी होती, पण काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. आत पाच माणसं, आणि ड्रायव्हर बॉनेटला टेकून विडी ओढत उभा.

"चाल ना भाऊ."

"अजून चार सीट पाह्यजेत, ताई. येतीन आता."

मी भंगारवाल्यापुढं एक खोटं बोलले होते, आता दुसरं बोलले. "माही बहीन पोटुशी हाये. सातवा महिना. तिच्या पोटात लय दुखून राह्यलं."

ड्रायव्हरनं विडी फेकली. "मंग आधी काहून नाही सांगतलं!" म्हणाला आणि गाडी काढली. भाजीचं टोपलं घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं सरकून मला जागा केली. मी बसले आणि बसल्याबरोबर माझी पाचावर धारण बसली. आपण बोललो ते वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते, असं आई म्हणायची. पोटुशा बहिणीबद्दल मी हे काय तोंडातून काढलं? देवाला मनातल्या मनात सांगत राहिले, ते खोटं होतं रे बाप्पा, ते धरू नको.

रस्ताभर मी आभाळ पाहत होते. पाटणबोरीकडचा फाटा मागं गेला आणि उजव्या बाजूला धूर दिसला. काळा, जाड, सरळ वर चढणारा. माझ्या तोंडून आवाज निघाला असेल, कारण म्हातारीनं माझा दंड धरला. "पऱ्हाट्या जाळून राह्यले कोनी. भेऊ नोको, बाई." कापसाच्या वाळल्या झाडांचा धूर होता तो, दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दिसणारा. मी मान हलवली, पण नजर त्या धुरावरून काढली नाही.

आमच्या आधीच्या गावातून गाडी जात होती तेव्हा पिठाची गिरणी ऐकू आली. विजेवरची गिरणी. मी ड्रायव्हरला वेळ विचारली.

"दोनले दहा कमी."

लाइट आली होती. वर्षभर तास तास उशिरा येणारी लाइट त्या दिवशी वेळेच्या आधी आली होती. त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. मी मोठ्यानं रडत होते, असं म्हातारीनं नंतर आईला सांगितलं.

गाडी घरापुढं थांबली. घर उभं होतं. मी आधी छपराकडं पाहिलं, मग अंगणात. अंगणात लुगड्याचा काळा बोळा पडला होता, त्यात राउटर, आणि ठोकळा वितळून त्याला चिकटलेला. त्यावर ओतलेलं पाणी अजून वाहत होतं. ओट्याला टेकून ताई जमिनीवर बसली होती. चेहरा पांढरा, केसांत कापूस, एक हात पोटावर, दुसरा पाण्याच्या तांब्यात बुडवलेला.

आई मला पाहून बोलायलाच लागली, थांबेना. "झोपेत वास आला तिले. उठून पाह्यते तं लुगड्यातून धूर! वायर ओढली अन् तसंच उचललं सारं, पोटाशी धरून धावली. मले हाक माराची नाही काय वं? उंबरठ्यात पाय अडकला. पडली."

"लागलं?"

ताईच बोलली. "लेकरू हालून नाही राह्यलं."

मधल्या खोलीतून बाबा बाहेर आले. खांद्यापर्यंत दोन्ही हातांना कापूस चिकटलेला. आत कुठं विस्तव राहिला का, ते ढिगात जागोजागी हात खुपसून पाहत होते. "थंड हाये," एवढं म्हणाले. दुसरा राउटर आतच सुटून पडला होता, तो त्यांनी खिडकीतून परसात फेकला होता. लोक मला विचारतात, पुढं परीक्षेचं काय झालं. त्या एकाच उरलेल्या राउटरवर जमेल तेवढं केलं, एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी तो डबा कोणी माझ्यासमोर धरला असता तर मी विहिरीत टाकला असता.

ड्रायव्हरनं तोवर गाडी वळवून दाराशी लावली होती. त्याला तर मीच सांगून आणलं होतं. "आना त्यायले, वेळ नोका करू," तो ओरडला. बाकीची माणसं न सांगता उतरली, म्हातारीसकट. ताईला मधल्या सीटवर डाव्या कुशीवर झोपवलं, डोकं आईच्या मांडीवर. बाबा पुढं बसले. मी खाली पायांच्या जागेत बसले आणि ताईच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं कडक होतं. आत काहीच नव्हतं हालत. मी श्वास धरून बसले, की माझ्या श्वासानं चुकायला नको.

गाडी गावाबाहेर पडली. मग बाबा समोर पाहतच म्हणाले, "त्या दुकानदाराले मी सोडत नाही. तापत नाही म्हने. अन् मीबी बेअक्कल! बैल असता तं हात लावून पाह्यला असता. डब्याले काहून नाही लावला?"

ते स्वतःला दोष देत होते. मला ते सहन होईना.

"बाबा," मी म्हटलं, "मी लावला होता हात. मले माहीत होतं. तापत होतं ते."

बाबांनी मान वळवली नाही. आईनं माझ्याकडं पाहिलं. ताईनं डोळे उघडले.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"अन् मी तिथं झोपत होती तं तू पाहत होती?"

ताईनं माझा हात पोटावरून उचलला आणि बाजूला ठेवला. ढकलला नाही, फक्त उचलून ठेवला. तो हात कुठं ठेवावा ते मला कळेना. मांडीवर ठेवला, मग पाठीमागं लपवला. मार बसला असता तर बरं झालं असतं. मी आयुष्यात पुष्कळ भ्याले, पण त्या गाडीत खाली बसून त्या न हालणाऱ्या पोटाकडं पाहताना जे वाटत होतं, ते भीतीच्याही पलीकडचं होतं. माझ्यामुळं, एवढंच डोक्यात वाजत होतं.

"उद्या कापूस नेतो," बाबा म्हणाले.

"अन् भाव?" आईनं विचारलं. एवढ्यातही तिनं विचारलं.

"चुलीत गेला भाव."

पांढरकवडा अजून बरंच दूर होतं. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला आई ताईचं डोकं दोन्ही हातांनी धरायची. पाण्याची बाटली होती, तिच्यात आईनं घाईत गुळाचा खडा टाकून आणला होता. ते गोड पाणी ताईनं दोन घोट घेतलं आणि पुन्हा डोळे मिटले. ओठ हालत होते. काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं.

मग तिनं डोळे मिटूनच हात चाचपडला. मला वाटलं, आईचा शोधते. तिनं माझं मनगट धरलं, पाठीमागून ओढून घेतलं आणि माझा तळहात बरगडीच्या खाली दाबून धरला. तिचा भाजलेला हात माझ्या हातावर. काही नव्हतं. गाडी हादरत होती तेवढंच. मी ताईच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं मानेनंच खुणावलं, थांब.

आतून एक लाथ बसली. नंतर लगेच दुसरी, पहिलीपेक्षा जोरात.

"लागली?" ताईनं विचारलं.

मी नुसती मान हलवली, हलवतच राहिले.

"मावशीले मारली," ताई म्हणाली. "बरोबर मारली. अजून मार रे बेटा."

आई रडता रडता हसायला लागली. ड्रायव्हर घाबरून मागं वळला, काय झालं, काय झालं विचारायला लागला. बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काही नाही झालं," ते म्हणाले. "आता गाडी हळू घे."